मी आले की थांबणारा आवाज

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. भाजीवाल्याने आपणहून मूठभर कोथिंबीर जास्त घातली, की मी तिथेच पिशवी उपडी करून खालचे टोमॅटो बघते. आमच्या घरात ह्यावरून माझी भरपूर चेष्टा होते आणि मला तिचं काही वाटत नाही. घरात एकाने तरी संशय घेतलाच पाहिजे, नाहीतर जग आपल्याला विकून खाईल, असं माझं ठाम मत आहे. पण आईच्या घरातल्या त्या आवाजाने मला असं काही गरगर फिरवलं, की शेवटी संशय घ्यायला आईशिवाय कोणी उरलं नाही.

आईचं घर नाशिकला मखमलाबाद रोडला आहे. एका रांगेत भिंतीला भिंत लावून बांधलेली घरं, पुढे तुळशीपुरती जागा, मागे धुण्याचा दगड आणि कढीपत्त्याचं झाड मावेल एवढं अंगण. मागच्या दिवाळीनंतर बाबा गेले, तेव्हापासून आई तिथे एकटी राहते. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, पुण्याला असतो. मी घोटीला. नवऱ्याचं तिथे तांदळाचं दुकान आहे, आणि दुपारचं जेवण उरकून निघालं तर चहाला आईकडे पोहोचता येतं. बाबा गेल्यावर दादा म्हणाला, आई, पुण्याला चल. आई म्हणाली, मला इथे काय धाड भरली आहे? तेव्हा विषय तिथेच थांबला.

मग उन्हाळ्याच्या तोंडाशी आईचा फोन आला. "पाइप वाजतात गं," ती म्हणाली.

तिच्याकडे महापालिकेचं पाणी सकाळी येतं, जेमतेम तासभर. जोर चांगला असतो, त्यामुळे मोटर लावावी लागत नाही. मागच्या भिंतीवरून एक लोखंडी पाइप वर गेलेला आहे, त्यातून पाणी सरळ गच्चीवरच्या टाकीत चढतं आणि टाकीतून घरभर फिरतं. आईचं म्हणणं असं, की पाणी आलं की भिंतीत कोणीतरी पहार मारतंय असा आवाज होतो. धडड धडड, मग जरा थांबून पुन्हा. मांडणीवरची भांडी हलतात. ती सांगत होती आणि तिचा आवाज मला नेहमीसारखा वाटत नव्हता. माझी आई घाबरणाऱ्यांतली नाही, पण त्या दिवशी ती घाबरली होती.

मी लगेच सांगितलं, उद्या येते, रात्री राहीन आणि सकाळी कानाने ऐकीन. गेले. सकाळी आम्ही दोघी स्वयंपाकघरात चहा घेऊन भिंतीकडे तोंड करून बसलो. पाणी आलं. पाइपात सूं झालं, वर टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला, आणि बाकी काही नाही. तासाभराने पाणी गेलं. आई भिंतीकडे बघतच राहिली.

"काल वाजत होता," ती म्हणाली. "परवाही वाजत होता."

मी घोटीला परतले. दोन-तीन दिवसांनी पुन्हा फोन, पुन्हा तेच, आज तर फारच वाजला म्हणे. मी पुन्हा गेले. पुन्हा शांतता. असं किती वेळा झालं त्याचा हिशेब मी ठेवला नाही, पण एसटीचे कंडक्टर मला ओळखायला लागले होते. मी आले की आवाज बंद आणि मी गेले की सुरू. आता तुम्हीच सांगा, माझ्यासारख्या बाईच्या मनात पाल चुकचुकणार नाही तर काय होणार? भिंतीला काय कळतं कोण आलं आणि कोण गेलं? हे माणसाचं काम आहे, असं मी ठरवून टाकलं.

पहिला संशय डावीकडच्या शेजाऱ्यांवर. त्यांचा मखमलाबादकडे मळा आहे, भाजी आणि झेंडू करतात. घरातली बाई फुलं घेऊन बाजारात बसते. माणसं बोलायला गोड, आणि गोड बोलणाऱ्याकडे मी जरा जास्तच बारकाईने बघते. शिवाय माझ्याकडे पुरावा होता. मी जेव्हा जेव्हा आईकडे जायचे, तेव्हा मागचं अंगण हमखास ओलं असायचं. कढीपत्त्याच्या बुंध्यात तर पाणी साचलेलं. आईला विचारलं तर म्हणायची, "असेल, झाडाला घातलं असेन." एवढं पाणी झाडाला? मी ताडलं, की हे लोक मेथीच्या जुड्या धुतात आणि पाणी भिंतीखालून आमच्याकडे येतं. आणि एवढं पाणी त्यांना मिळतं कुठून? नळालाच मोटर लावून ओढत असणार. मोटर लावली की लाइनीतलं पाणी हिसके खातं आणि आमचा पाइप वाजतो. मी आलेली दिसले की मोटर बंद. सगळं कसं चपखल बसत होतं.

एका दुपारी ती बाई बाजारातून रिकाम्या पाट्या घेऊन येताना दिसली, आणि मी तिला दारातच गाठलं.

"मोटर?" ती म्हणाली. "आमची मोटर मळ्यात हाय ताई, घरात कशाला ठेवू? या, बघा की आत येऊन."

दुसरी एखादी बाई लाजून नको म्हणाली असती. मी आत गेले. मोरी बघितली, मागची पडवी बघितली. तिने चहा ठेवला. मी चहा घेतला, पण कप खाली ठेवण्याच्या निमित्ताने दिवाणाखालीही वाकून बघितलं. तिथे कांद्याच्या पाट्या होत्या.

"तुम्हाला आवाज येत नाही का सकाळी?" मी विचारलं.

"आम्ही त्या टायमाला घरात असतो कुठं? मी बाजारात, अन् बाकीचे मळ्यात. आवाज आला तरी ऐकाया कोन हाय?" मग तिने जरा आवाज उतरवला. "तुमचे दादा आले व्हते ना मागल्या हप्त्यात. दोन मानसं व्हती संगं. गच्ची दाखवत व्हते त्यान्ला. घर काढायचं हाय का वो ताई?"

आईच्या उजवीकडचं घर कुलूपबंद, मालक परदेशात. म्हणजे तो आवाज ऐकणारं आईशिवाय आख्ख्या रांगेत कोणी नव्हतं. पण त्या क्षणी मी पाइप विसरले. घर दाखवत होते? कोणाला?

आईला मी काही बोलले नाही. तिला फक्त विचारलं, दादा आला होता का. हो म्हणाली, दोन दिवस राहिला, त्यालाही आवाज ऐकू आला नाही, मग तो तिला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की ह्या वयाच्या मानाने कान उत्तम आहेत. मला ऐकून बरं वाटलं. आईला वाटलं नव्हतं. ती भाजी निवडत म्हणाली, "कानात काही नाही म्हटल्यावर दादा गप्पच झाला. मग गाडीत मला विचारतो, आई, रात्री झोप लागते का? बाबा दिसतात का?"

कान चांगले निघाले म्हणून दोष डोक्यात गेला होता.

मध्ये एक प्लंबरही येऊन गेला. मी असतानाच आला, दुपारी, पाणी नसताना. त्याने पाइपावर पान्याने टकटक केलं, कान लावला आणि म्हणाला, "मॅडम, लाइनने हवा धरली आहे." स्वयंपाकघरातला नळ खोलून वायसर बदलला. मी विचारलं, हवा टाकीच्या लाइनला आणि वायसर ओट्याच्या नळाला कसा? तो म्हणाला, सगळं एकमेकांना जोडलेलंच असतं. जाताना आईला ऐकू जाणार नाही अशा बेताने मला म्हणाला, "एकट्याच राहतात का आजी? होतं असं." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाइप दुरुस्त करायला आलेला माणूस माझ्या आईचं निदान करून चालला होता.

मग मी आईच्या फोनवर आवाज टेप करायचं ठरवलं. कुठलं बटण दाबायचं ते तिला शिकवलं, तिच्याकडून घोकून घेतलं. दोन दिवसांनी तिने पाठवलेलं मी दुकानाच्या गल्ल्यावर बसून कानाला लावून ऐकलं. आधी खरखर, मग आईचा श्वास, मग आईच, "हं, आता येईल बघ, हे काय, आला, आला," आणि टेप संपली. बटणावरचं बोट तिने घाईत उचललं होतं. दुसऱ्या वेळी आवाज चालू असतानाच तिने फोन केला आणि फोन भिंतीला लावला. मला भिंत ऐकू आली नाही, मधूनमधून आईचं "आलं का?" एवढं ऐकू येत होतं.

ते टेप केलेलं मी दादाला पाठवलं. त्याचा संध्याकाळी फोन आला.

"तू ह्याला पुरावा म्हणतेस?" तो म्हणाला. "त्यात पाइप कुठे आहे? नुसती आई आहे."

"तू घर कोणाला दाखवत होतास?" मी म्हटलं.

"गच्ची गळते का बघायला माणसं आणली होती. तुला कोणी सांगितलं?"

हे उत्तर त्याच्याकडे तयार होतं, असं मला वाटलं. गच्ची गळते का हे बघायला पावसाळ्याच्या आधी माणूस येतो हेही खरं, पण म्हणून मी विश्वास ठेवला असं नाही.

"हे बघ," दादा म्हणाला, "आवाज कधी सुरू झाला? बाबा गेल्यावर. त्याआधी इतकी वर्षं आपण त्या घरात राहिलो, कधी पाइप वाजला? आणि आपल्यापैकी कोणी असलं की वाजत नाही. मग काय समजायचं मी? तिला एकटं ठेवणं बरोबर नाही. पुढच्या रविवारी मी तिला घेऊन जातो. घर सध्या बंद ठेवू."

"ती तयार आहे?"

"तिला मी विचारलं. म्हणाली, तुला वाटतं तसं कर."

ह्या वाक्याने मी हादरले. माझ्या आईने आयुष्यात कोणाला "तुला वाटतं तसं कर" असं म्हटलेलं नाही. बाबांना नाही, सासूला नाही, आम्हाला तर नाहीच. हे ती म्हणाली, ह्याचा अर्थ तिचा स्वतःवरचा भरवसाच उडाला होता. मला दादाचा राग आला, आणि त्याच्या प्रश्नांना माझ्याकडे उत्तर नव्हतं म्हणून जास्तच आला.

रात्री जेवताना हे सगळं नवऱ्याला सांगितलं. त्याने शांतपणे आमटी ओरपली आणि म्हणाला, "मला काय वाटतं, सांगू का? रागावू नको. आईला तू यायला पाहिजे असशील. आवाज आहे म्हटलं का तू पळत जाती. नाय तर तू तिथनं निघाल्यावरच कसा वाजतो तो?"

मी रागावले. भांडी जोरात आपटली. पण झोपायला गेल्यावर तेच डोक्यात फिरायला लागलं. शेजारीण सुटली होती. प्लंबरला काय पडलं होतं? दादाने पुण्यात बसून नाशिकचे पाइप वाजवले असते असं म्हणायला मीही धजत नव्हते. उरलं कोण? आई आम्हाला बोलवून घेण्यासाठी खोटं बोलेल? आणि तेही असं, की त्यात स्वतःचंच घर जाईल? पटत नव्हतं, पण मनातून जातही नव्हतं.

गुरुवारी दुपारी मी घोटीहून निघाले आणि पहिल्यांदाच आईला कळवलं नाही. महामार्गाच्या स्टँडवर उतरून रिक्षा केली तेव्हा मला आपण आईकडे चाललोय असं न वाटता कुठेतरी धाड घालायला चाललोय असं वाटत होतं. आवाज खोटा असेल तर उद्या सकाळी आई काय करते ते मला बघायचं होतं.

आईने दार उघडलं, क्षणभर खूश झाली आणि लगेच वैतागली. "फोन करायला काय झालं होतं? पाणी तरी बदललं असतं मी."

तिने स्वयंपाकघरात जाऊन माठ पालथा केला, नळाखाली धरला आणि पुटपुटली, "भरून तरी काय, टाकीतलंही जुनंच आहे." माझं तिच्याकडे लक्ष नव्हतं. मी मागचं दार उघडून अंगण बघत होते. ठणठणीत कोरडं. कढीपत्त्याखालची माती भेगाळलेली. माझ्या डोक्यात शेजाऱ्यांची मोटर पुन्हा सुरू झाली: मी येणार हे माहीत नव्हतं, म्हणून आज अंगण कोरडं? पण हे तर उलटंच होत होतं. मी येणार हे माहीत नसेल तर त्यांनी बिनधास्त पाणी वापरलं असतं. मी दार लावून घेतलं.

सकाळी आई चहा गाळत होती. पाइपात सूं झालं, आणि मी कप हातात घेते न घेते तोच भिंत वाजली.

धडड. धडड धडड. ओट्यावरचा चमचा बशीत नाचला. मांडणीतली झाकणं किणकिणली. आईने वर्णन केलं होतं त्यात पदरचं एक अक्षर नव्हतं. खरोखरच कोणीतरी भिंतीच्या आत पहार घेऊन उभं असल्यासारखं वाटत होतं. आई हातात गाळणं धरून उभी होती आणि भिंतीकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

"तुला येतंय ऐकू?" तिने विचारलं, अगदी हळू.

"अगं, बहिऱ्यालासुद्धा येईल!"

तिने गाळणं खाली ठेवलं, खुर्ची ओढून बसली आणि पदर तोंडाला लावला. मी तिला बाबांच्या वेळेलाही असं रडताना बघितलं नव्हतं. तिच्यावर संशय घेऊन आलेली मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले, आणि भिंत वाजतच होती. मग माझ्या लक्षात आलं की हे थांबायच्या आत वर गेलं पाहिजे.

मी गच्चीवर धावले. टाकीचं झाकण उचललं. टाकी काठोकाठ भरत आली होती, आणि पाणी भरलं की आपोआप बंद करणारा तो प्लास्टिकचा बॉल पाण्यावर डुचमळत होता. बॉल खाली गेला की कॉक किंचित उघडायचा, पाण्याची चिळकांडी उडायची, तिच्या लाटेने बॉल वर यायचा आणि कॉक फाडकन बंद व्हायचा. दर वेळी पाइपाला हिसका बसत होता. पाइप भिंतीला धरून ठेवणाऱ्या पट्ट्या गंजून सुटल्या होत्या, त्यामुळे हिसका बसला की पाइप भिंतीवर आपटायचा. मी बाही वर करून बॉल हाताने दाबून धरला. पाणी मोकळं पडायला लागलं.

"थांबला!" खालून आई ओरडली.

मी बॉल सोडला.

"आला!"

मी पुन्हा धरला, पुन्हा सोडला. खरं म्हणजे कळायचं ते कळलं होतं, पण "थांबला" आणि "आला" म्हणताना आईचा आवाज इतका खणखणीत झाला होता, की मला आणखी थोडा वेळ ते करावंसं वाटलं.

खाली आले, हात पुसले. "पण मग मी येते तेव्हा का नाही वाजत?" मी विचारलं. "टाकी तीच, बॉल तोच."

आईने थोडा विचार केला. "तू कळवून येतेस तेव्हा टाकी भरलेली नसते ना."

"का नसते?"

"रिकामी करते मी. आदल्या रात्री मागचा नळ सोडून देते. सकाळी नवीन पाणी येतं."

"दादा येतो तेव्हा?"

"तेव्हाही करते."

"आई, हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"ह्यात सांगायचं काय?" आई म्हणाली. "लेकरं घरी यायची आणि त्यांना शिळं पाणी प्यायला द्यायचं?"

ओल्या अंगणाचा उलगडा झाला. रिकामी टाकी तासाभरात अर्धीच भरायची. बॉल खाली लोंबत राहायचा, कॉक पूर्ण उघडा, पाणी सरळ पडणार, आवाज कुठून येणार? मी आले की त्याच संध्याकाळी आई गोधड्या धुवायला काढायची, माझंही धुणं असायचं, टाकी पुन्हा खाली, म्हणून दुसऱ्या सकाळीही ती भरायची नाही. आमच्यापैकी जो कोणी आवाज ऐकायला यायचा, त्याच्यासाठी आई आदल्या रात्री आपल्याच हाताने आवाज पुसून ठेवायची. आणि बाबा असताना वाजत नव्हता, हा दादाचा मुद्दाही खरा होता. बाबा रोज स्कूटर धुवायचे, झाडांना नळी लावून विसरून जायचे. आई एकटी, तिला लागतं किती? रोज सकाळी टाकी भरलेलीच. एकट्या माणसाचं पाणी संपत नाही, हे आम्हा दोघा भावंडांच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

"आजच प्लंबरला बोलावते," मी म्हटलं. "बॉल बदलून घेऊ, पट्ट्या ठोकून घेऊ."

"कोणी हात लावायचा नाही," आई म्हणाली. "उद्या रात्री दादा येतोय. रविवारी सकाळी तो ऐकू दे."

ही माझी आई होती. मला इतका आनंद झाला, की मी वाद घातला नाही.

आता काम एकच होतं, टाकी भरलेली ठेवायची. धुणं बंद. भांडी दोन तांबे पाण्यात. माझ्या आंघोळीचा प्रश्न आला, तेव्हा मी टॉवेल घेऊन फुलवाल्या शेजारणीकडे गेले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मोरीचा दिवा लावला.

"या ताई," ती म्हणाली. "पन आधी दिवानाखाली बघून घ्या."

मी निमूटपणे आंघोळ केली.

शनिवारी संध्याकाळी आईचं काहीतरी बिनसलं. ती सारखी मागच्या दारापाशी जात होती. दिवेलागणीला मी बघितलं, तर ती अंगणात नळाच्या तोटीवर हात ठेवून उभी. मी दारातच थांबले. आता ही नळ सोडते की काय, असा मला संशय आला. तिने हात तसाच ठेवला, बराच वेळ, मग काढून घेतला आणि आत येऊन कणीक मळायला घेतली.

दादा आला. बूट काढता काढता म्हणाला, "प्रवासाने चिकचिक झाली आहे, आंघोळ करतो."

"रात्रीची आंघोळ नको," आई म्हणाली. "सर्दी होईल."

उन्हाळ्यात? त्याने माझ्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत काळजी होती, आई आणखी एक पायरी खाली गेली, अशी. मी भाजीत मीठ आहे का ते चाखत राहिले. जेवणं झाली, आई झोपायला गेली, तेव्हा तो मला हळूच म्हणाला, तिची बॅग भरली आहेस का? मी म्हटलं, सकाळी बघू.

सकाळी तिघं स्वयंपाकघरात बसलो. दादा मोबाइल बघत चहा पीत होता. पाइपात सूं झालं. आई ओट्याला टेकून उभी होती, आणि मला वाटलं, आज वाजलाच नाही तर? काल रात्री दादाने आमच्या नकळत आंघोळ केली असेल तर? मी उठून मोरी ओली आहे का ते बघणार, तेवढ्यात भिंत वाजली.

दादाचा कप हिंदकळला. तो उठला, भिंतीला हात लावला, काढला, पुन्हा लावला. मी त्याला गच्चीवर नेलं, झाकण उचलून दाखवलं, बॉल धरून दाखवला, आणि आई त्याच्यासाठी दर खेपेला टाकी रिकामी करते तेही सांगितलं. तो टाकीत वाकून बराच वेळ बघत होता. मला वाटलं काहीतरी खुसपट काढेल. त्याने फक्त विचारलं, "प्रत्येक वेळी?"

खाली आलो, तेव्हा आवाज थांबला होता. दादा खुर्चीवर बसला. "आई, मला वाटलं होतं..." एवढंच म्हणाला आणि सांडलेला चहा हाताने पुसायला लागला. त्याचा चेहरा बघून मला त्याची माया आली, गच्ची बघायला आलेल्या त्या दोन माणसांसकट.

आईने तांब्या-भांडं आणलं आणि भांडं भरून त्याच्या हातात दिलं.

"घे," ती म्हणाली. "शिळं आहे."

त्याने सगळं पाणी पिऊन टाकलं. भांडं खाली ठेवलं, तोंड पुसलं.

"तरी पण आई," तो म्हणाला, "एकटी तू इथे अशी किती दिवस..."

"पुढच्या खेपेला निघायच्या आधी फोन कर," आई म्हणाली. "पाणी बदलून ठेवीन."